चांगला खेळला, तरी परत आला

दर वर्षा-दोन वर्षांनी क्रीडापानावर एक बातमी हमखास येते. आपल्याकडचा एखादा तरुण फुटबॉलपटू युरोपातल्या क्लबाच्या ट्रायलसाठी निघालेला असतो. विमानतळावरचा फोटो, गळ्यात हार, बाजूला आईवडील आणि पहिले प्रशिक्षक. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी बातमी येते, ती बरीच लहान: ट्रायल चांगली झाली, तिथले प्रशिक्षक खूश होते, पण करार झाला नाही. वाचणारा मनाशी दोनांपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो. पोरगा कमी पडला आणि ते लोक उगाच गोड बोलले, नाहीतर त्यांना आपला माणूस घ्यायचाच नव्हता.

कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस अशा संघांच्या सामन्यांना जिथे शाहू स्टेडियम भरून जातं, त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात सरावासाठी गेला. या क्लबाची मालकी २०१० पासून पुण्याच्या व्यंकीजकडे आहे. खेळाडू कोल्हापूरचा, मालक पुण्याचे. मग अडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. अनिकेत परत आला आणि इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळू लागला.

अशा प्रत्येक प्रकरणात नेमकं काय घडलं हे त्या क्लबालाच ठाऊक. पण ट्रायल ही गोष्ट चालते कशी, क्लब ती कशासाठी घेतो आणि ती संपल्यावर टेबलावर कोणकोणते कागद यावे लागतात, हे समजून घेता येतं. ते समजलं की ‘कमी पडला’ आणि ‘घ्यायचाच नव्हता’ यांच्यामध्ये केवढी मोठी जागा आहे ते दिसतं.

क्लबाचा प्रश्न वेगळाच असतो

आपल्याला वाटतं, जो चांगला खेळेल तो निवडला जाईल. क्लबाचा प्रश्न इतका मोकळा नसतो. त्याच्याकडे पंचवीसेक खेळाडू आधीच पगारावर असतात, पैशांची मर्यादा ठरलेली असते आणि संघात एखादीच जागा रिकामी असते. डाव्या बाजूचा बचावपटू जखमी आहे. तो बरा होईपर्यंत ती जागा हा पाहुणा सांभाळेल का? आमच्याच अकादमीतल्या १९ वर्षांच्या मुलापेक्षा बरी सांभाळेल का? आणि त्याच पैशांत शेजारच्या गावचा, इथलीच भाषा बोलणारा, इथल्याच थंडीत वाढलेला खेळाडू मिळत असताना याला का घ्यायचं?

गायकाला मैफलीसाठी तबलजी हवा असतो, तेव्हा तो त्याचा सोलो ऐकत बसत नाही. विलंबितात ठेका किती स्थिर राहतो, मी समेवर येताना याचं लक्ष माझ्याकडे असतं का, कुठे भरायचं आणि कुठे नुसता ठेका धरून राहायचं हे याला कळतं का, एवढंच तो पाहतो. सोलोत टाळ्या घेणारा तबलजी साथीला नको असू शकतो. परदेशी ट्रायलला गेलेली आपली मुलं बहुतेकदा सोलो वाजवून येतात. तीन जणांना चकवून मारलेला गोल घरच्यांना व्हिडिओत दिसतो. तो मारण्याआधी दोनदा पास द्यायला हवा होता, हे तिथल्या प्रशिक्षकाने वहीत लिहून ठेवलेलं असतं.

हल्ली सगळ्या सामन्यांची चित्रफीत मिळते, मग प्रत्यक्ष बोलावण्याची गरज काय? कारण चित्रफितीत खेळाडू दिसतो, पण समोरच्यांचा दर्जा दिसत नाही. अनोळखी लीगमध्ये वीस गोल मारणारा आघाडीपटू आमच्या बचावपटूंसमोर किती मारेल, याचा अंदाज त्याला आमच्या बचावपटूंसमोर उभं केल्याशिवाय येत नाही.

हे न करता घेतलेल्या निर्णयाचं काय होतं, याचा सर्वांत गाजलेला दाखला साउदॅम्प्टनचा. १९९६ साली तिथले व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांना फोन आला. जॉर्ज विया यांच्या नावाने बोलणाऱ्या माणसाने आपल्या चुलतभावाची, अली दियाची, शिफारस केली. विया तेव्हा जगातले सर्वांत नावाजलेले खेळाडू होते. दियाला राखीव संघाच्या सामन्यात आजमावायचं ठरलं, पण पावसाने मैदानात पाणी साचलं आणि तो सामनाच रद्द झाला. नोव्हेंबरमध्ये लीड्सविरुद्ध मॅट ल टिसिए जखमी होऊन बाहेर गेला आणि दियाला थेट प्रीमियर लीगमध्ये उतरवलं गेलं. ५३ मिनिटांनी त्याला परत बोलवावं लागलं. नातं खोटं होतं, शिफारसही खोटी होती. राखीव संघाचा तो एक सामना झाला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं.

उलट बाजूचा दाखला एरिक कांतोनाचा. जानेवारी १९९२ मध्ये तो शेफील्ड वेन्सडेकडे आला, तेव्हा फ्रान्सचा आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. इंग्लंडमध्ये मैदानं गोठलेली, त्यामुळे त्याला छपराखालच्या कृत्रिम मैदानावर पाहिलं गेलं. गवतावर बघायला मिळावं म्हणून क्लबाने आणखी आठवडाभर थांबायला सांगितलं. कांतोना थांबला नाही. तो लीड्सकडे गेला आणि त्याच मोसमात लीड्सने इंग्लंडचं विजेतेपद पटकावलं. शेफील्डवाले मूर्ख होते असं मला वाटत नाही. गवतावरचा खेळ गवतावरच पाहायला हवा, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण ट्रायलमधून किती दिसतं आणि किती निसटतं, हे इथे लख्ख कळतं.

सरावाची पहिली सकाळ

पहिल्या दिवशी चेंडूच्या आधी डॉक्टर येतात. हृदयाचा आलेख, गुडघे, घोटे, जुन्या दुखापती. मैदानावर काही झालं तर जबाबदारी क्लबावर येते, म्हणून हृदयतपासणी फार गांभीर्याने होते.

मग रोंडो. सात-आठ जण गोलात उभे राहतात, मध्ये एक किंवा दोघं, आणि गोलातल्यांनी एका स्पर्शात चेंडू फिरवत ठेवायचा. ज्याच्याकडून चुकेल तो मध्ये जाणार. बघायला पोरखेळ वाटतो. पण प्रशिक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत बरंच काही कळतं ते इथेच. चेंडू येण्याआधी हा मान वळवून मागे बघतो का? पास मिळताना याचं शरीर बंद असतं की अर्धं वळलेलं? चूक झाल्यावर हसून मध्ये जातो की खांदे पाडतो? नॉर्वेचे अभ्यासक गेर योर्डेट यांनी प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या मानेच्या हालचाली चित्रफितींवरून मोजल्या. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास अधिक यशस्वी होतात, असं त्यांना आढळलं. हा गुण टाळ्या मिळवून देत नाही. गॅलरीतल्या प्रेक्षकाला तर तो दिसतही नाही.

नंतर छोट्या मैदानात पाच-पाच किंवा सात-सात जणांचे सामने. इथे पाहुण्याची सर्वांत मोठी अडचण कानांची असते. ‘मॅन ऑन’ म्हणजे मागे प्रतिस्पर्धी आहे, ‘टाइम’ म्हणजे घाई नको, ‘टर्न’ म्हणजे वळ, मोकळा आहेस. हे शब्द ओरडणं हे तिथे सहकाऱ्याचं कर्तव्यच समजतात. आपली मुलं मोठ्यांसमोर गप्प राहायला शिकलेली असतात, त्यातून परका देश. अंगात कौशल्य असलेला मुलगा मुक्याने खेळतो आणि संघाला त्याचा उपयोग अर्धाच होतो.

आणि बूट. टणक, उन्हात भाजलेल्या मैदानांवर आपण बुटाच्या तळाला जोडूनच ओतलेले, आखूड, पुष्कळसे स्टड वापरतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात मैदान ओलं, मऊ आणि जड असतं. तिथे स्क्रूने बसवायचे लांब, मोजके स्टड लागतात. ते नसतील तर वळताना पाय सरकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याचा तोलच कच्चा आहे. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत पुष्कळ क्लबांची मैदानं कृत्रिम गवताची असतात. तिथे पुन्हा वेगळं. नवे बूट पायात मुरायला आठवडा जातो आणि तेवढीच तर ट्रायल असते. म्हणून जाण्याआधी घरीच, पाणी मारलेल्या मैदानावर, ते बूट घालून पळून घ्यायला हवं.

पायांचा विषय निघाला की मोहम्मद सलीम आठवतात. कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा हा खेळाडू १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात पोहोचला. बूट घालून खेळायची सवय नव्हती. व्यवस्थापक विली मेली यांनी त्याला आजमावलं आणि पायांना पट्ट्या गुंडाळून, अनवाणीच सेल्टिकच्या राखीव संघाकडून उतरवलं. गॅल्स्टनविरुद्धचा तो सामना सेल्टिकने ७-१ असा जिंकला. सलीमचा खेळ तिथल्या वर्तमानपत्रांनी उचलून धरला. पण घरची ओढ अनावर झाली आणि तो परतला. तेव्हा परवान्यांचं आजच्यासारखं जंजाळ नव्हतं. त्याच्या पायांनी त्याला तिथपर्यंत नेलं आणि त्याच्या मनाने परत आणलं.

ट्रायलच्या शेवटी बहुधा एखादा सराव सामना मिळतो. मोसमापूर्वीच्या अशा सामन्यांत संघाच्या यादीत नावाच्या जागी कधी नुसतं ‘ट्रायलिस्ट’ असं छापतात, म्हणजे दुसऱ्या क्लबांना सुगावा लागू नये.

परवान्याचं गणित

समजा, हे सगळं मनासारखं झालं आणि प्रशिक्षक म्हणाले, हा हवा. इथून पुढची वाट मैदानावरून जात नाही.

ब्रिटनला पाहुणा म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर ट्रायल देता येते, पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नाही. पगार घेऊन खेळायचं तर वेगळा व्हिसा लागतो आणि त्याआधी इंग्लिश फुटबॉल संघटनेची शिफारस. सुनील छेत्रीला २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने पसंत केलं होतं. तेव्हाचा नियम असा होता की खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा आणि आधीच्या दोन वर्षांत त्याने देशाचे ७५ टक्के सामने खेळलेले असावेत. दुसऱ्या अटीत छेत्रीला अडचण नव्हती. पहिली अट त्याच्या हातात नव्हती; भारत शंभराच्याही बराच खाली होता. परवाना नाकारला गेला. क्लबाला खेळाडू हवा, खेळाडूला क्लब हवा, आणि मधे उभी राहिली ती आपल्या राष्ट्रीय संघाची बरी-वाईट वर्षं.

२०१५ नंतर ही रेषा आणखी वर, पहिल्या ५० पर्यंत सरकली. अनिकेत ब्लॅकबर्नला गेला तेव्हा भारत शंभराच्या आसपास होता. मालक पुण्याचे असोत की पॅरिसचे, या नियमापुढे त्यांचं काही चालत नाही. २०२१ पासून इंग्लंडमध्ये गुणपद्धत आली. देशासाठी किती सामने, क्लबासाठी किती मिनिटं, ती लीग कोणत्या दर्जाची, खंडीय स्पर्धा खेळला का, अशा बाबींचे गुण मिळून १५ व्हावे लागतात. लीगचे सहा गट केले आहेत आणि आपली लीग शेवटच्या गटात येते. पुढे क्लबांना मोजके अपवाद करण्याची सवलत मिळाली, पण ती ते कुणावर खर्च करतील, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

नेदरलँड्सची रीत निराळी. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला तिथे ठरावीक किमान पगार द्यावाच लागतो: वरच्या लीगच्या सरासरी पगाराच्या १५० टक्के. १८-१९ वर्षांच्या खेळाडूला त्याच्या निम्मा. म्हणजे ‘मी कमी पैशांत खेळतो, फक्त संधी द्या’ हे म्हणायची सोयच उरत नाही. नवख्या भारतीय खेळाडूला संघातल्या बहुतेकांपेक्षा जास्त पगार द्यायला कोणता क्लब तयार होईल? स्वस्त मजूर आणून स्थानिकांची जागा घेतली जाऊ नये, हा नियमाचा हेतू. तो मला पटतो. पण त्याचा फटका नेमका नवख्यांनाच बसतो.

जपानमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित आहे, मात्र थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया अशा काही भागीदार देशांच्या खेळाडूंना जे-लीग परदेशी मोजत नाही. थायलंडचा चनाथिप सोंगक्रासिन २०१७ मध्ये सप्पोरोकडे गेला तो याच वाटेने, आणि पुढे तिथला मोठा खेळाडू झाला. त्या यादीत भारत नाही. कौशल्याने सारखे दोन तरुण, एक बँकॉकचा आणि एक मडगावचा, जपानी क्लबाच्या दारात उभे राहिले तर पहिल्यासाठी परदेशी जागा खर्च करावी लागत नाही.

मडगावचं नाव घेतलंच आहे, तर गोव्याची एक खास गोष्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली आहे. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक: स्पेन, जर्मनी, नेदरलँड्समध्ये ना परवाना लागतो, ना परदेशी जागा. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारतीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. विशीतल्या मुलाला एका सहीत ठरवावं लागतं की युरोपातलं दार उघडायचं की निळी जर्सी राखायची. यातलं काहीही निवडणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मी स्वतःला देत नाही.

अठराच्या आत

‘मुलगा चौदा वर्षांचा आहे, आत्ताच स्पेनच्या अकादमीत घातला तर?’ असं विचारणारे पालक आता मुंबई-पुण्यातही भेटतात. फिफाच्या नियमात १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करायला बंदी आहे. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील. किंवा मुलगा सोळाच्या वर असून बदली युरोपीय संघाच्या आतल्या आत असेल. किंवा घर सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत आणि क्लबही तसाच सीमेलगत असेल. अशा आणखी एक-दोन वाटा आहेत, पण मुलाच्या फुटबॉलसाठी वडिलांनी नोकरी बदलून बार्सिलोना गाठली, तर ते यात बसत नाही.

लिओनेल मेस्सी २००० साली तेराव्या वर्षी रोसारिओहून बार्सिलोनाला ट्रायलसाठी आला, तेव्हा हा नियम आजच्या स्वरूपात नव्हता. नियम पुढच्या वर्षी आला. त्याच बार्सिलोनावर २०१४ मध्ये फिफाने परदेशी मुलांच्या नोंदणीवरून कारवाई केली आणि सलग दोन बदली-मुदतींत (ट्रान्सफर विंडो) नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. तिथे शिकणारा जपानचा ताकेफुसा कुबो सामने खेळता येईनात म्हणून मायदेशी परतला आणि मोठा होऊन पुन्हा स्पेनला गेला. परदेशी अकादमीत पैसे भरून ‘प्रशिक्षण’ घेता येतं, हे खरं. पण नोंदणीशिवाय अधिकृत सामना नाही, आणि सामन्यांशिवाय त्या वयातली प्रगती अडते.

फुकटचा खेळाडू फुकट पडत नाही

ट्रायलला आलेल्या मुलाकडे कुठलाही करार नसेल तर तो क्लबाला फुकट मिळतो, असं दिसतं. तसं नाही. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा बाराव्या वर्षापासून त्याला घडवलेल्या क्लबांना नव्या क्लबाने भरपाई द्यायची, असा फिफाचा नियम आहे. तेवीस वर्षं पूर्ण होतात त्या मोसमापर्यंतच्या बदल्यांनाही तो लागू असतो. युरोपातल्या पहिल्या श्रेणीच्या क्लबासाठी हा दर वर्षाला ९०,००० युरो; बारा ते पंधरा या वयाच्या वर्षांना मात्र सर्वांत खालच्या श्रेणीचा, म्हणजे १०,००० युरोंचा दर लागतो. अठरा वर्षांच्या मुलाचा हिशेब मोठ्या क्लबासाठी दोन लाख युरोंच्या पुढे जातो. ज्याने अजून एकही व्यावसायिक सामना खेळलेला नाही, त्याच्यासाठी!

नियम न्यायाचा आहे. गल्लीत, तालमीत मुलाला घडवणाऱ्यांना वाटा मिळायलाच हवा. पण पुष्कळदा त्या तालमीकडे मुलाच्या नोंदणीचे कागदच नसतात, तेव्हा वाटाही मिळत नाही आणि परदेशी क्लबाला पुढे कोण दावा करेल याची धास्ती राहते. क्लबांना आपला हक्क लेखी सोडून देता येतो. म्हणून ट्रायलला जाण्याआधी हे कागद हाती असणं, आणि मुलाची नोंद अखिल भारतीय फुटबॉल संघटनेच्या संगणकीय प्रणालीत लहान वयापासून नीट असणं, हे ड्रिबलिंगइतकंच कामाचं आहे.

चौकट: बोलावण्याचं पत्र आलं तर

खरा क्लब ट्रायलसाठी खेळाडूकडून ‘नोंदणी शुल्क’ मागत नाही. पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर शोधा, अकादमीच्या प्रमुखाशी बोला आणि तुमचं नाव त्यांच्याकडे आहे का ते विचारा. एजंटाला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी सर्वांसाठी खुली आहे. नाव त्यात नसेल तर विषय तिथेच संपवा. सध्याच्या क्लबाशी करार असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. परतीचं तिकीट आणि पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा, दुसऱ्या कुणाच्याही नाही. ‘खुल्या ट्रायल’च्या जाहिरातीत शंभर मुलांकडून पैसे घेतले जात असतील, तर त्या दिवसाची कमाई खेळाडू शोधण्यातून होत नाही, त्या शंभर मुलांकडूनच होते.

ही चौकट उगाच भीती घालायला लिहिलेली नाही. आफ्रिकेतून युरोपात ट्रायलच्या आमिषाने आणून वाऱ्यावर सोडलेली मुलं इतकी झाली, की कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बवूमाँ यांना २००० साली पॅरिसमध्ये ‘फुट सॉलिडेर’ ही संस्था काढावी लागली. शेत विकून पैसे भरलेल्या घरचा मुलगा रिकाम्या हाताने परतायला लाजतो, म्हणून परक्या शहरात लपून राहतो. फसवणारे या लाजेवरच जगतात.

बोलावणं येतं कुठून

ज्या भारतीयांना ही वाट सापडली, त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. बायचुंग भूतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबाकडे गेला तो फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच आणि अ‍ॅस्टन व्हिला इथल्या ट्रायलमधून निवड न झाल्यावर. बरी तिसऱ्या पायरीच्या लीगमधला क्लब होता. मोठ्या क्लबाला भूतिया हवाहवासा वाटला तरी आवश्यक वाटला नाही. लहान क्लबाला आवश्यक वाटला. छेत्रीला परवान्याने लंडनमध्ये अडवलं, पण अमेरिकेत त्या अटी नव्हत्या. तिथला मोसम वसंतात सुरू होतो, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या सरावात जागा मोकळ्या असतात. २०१० च्या मार्चमध्ये तो कॅन्सस सिटीच्या संघात होता. गोव्याचा रोमियो फर्नांडिस ब्राझिलियन प्रशिक्षक झिको यांच्या हाताखाली एफसी गोवाकडून खेळला आणि २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सेकडे उसनवारीवर गेला. गुरप्रीतसिंग संधूने २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकशी करार केला. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरायला त्याला जून २०१६ पर्यंत थांबावं लागलं. गोलरक्षकाची जागा एकच असते.

यांतल्या कुणाची निवड खुल्या मैदानावरच्या गर्दीतून झाली नाही. ओळखीचा प्रशिक्षक, क्लबांचे आपसातले संबंध, देशाकडून खेळलेले सामने, काही ना काही आधीपासून उभं होतं. बाला देवींच्या बाबतीत हे सर्वांत स्वच्छ दिसतं. बेंगळुरू एफसी आणि ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाचा २०१९ मध्ये करार झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात मणिपूरची ही आघाडीपटू रेंजर्समध्ये ट्रायल देऊन आली आणि जानेवारी २०२० मध्ये तिने व्यावसायिक करारावर सही केली. परदेशी क्लबाशी असा करार करणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पथ्यावर पडते. घडवणाऱ्या क्लबांना द्यायच्या भरपाईचा तो नियम महिला फुटबॉलला लागू नाही, म्हणजे घेणाऱ्या क्लबावरचा तो बोजा मुळातच नसतो. २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन संघाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. त्याच वर्षी ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडे गेल्या. तिघींनी निवडलेले क्लब फार मोठ्या पैशांचे नव्हते, पण तिथे त्यांना खेळायला मिळालं. आपल्याकडच्या एखाद्या क्लबाने सायप्रस, क्रोएशिया किंवा नॉर्वेतल्या एखाद्या मधल्या फळीच्या क्लबाशी बेंगळुरूसारखा संबंध जोडला, तर त्याचा पहिला लाभ आपल्या मुलींना होईल, असं मला वाटतं.